स्वस्त रायफल, साधा स्कोप आणि एल्कची शिकार: पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या गोळीपर्यंत कामाचा क्रम

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकार हा गुन्हा आहे. हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथल्या राज्याचा परवाना काढून कायदेशीर शिकारीला जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. उदाहरण कोलोरॅडोतल्या एल्कचं घेतलं आहे. एल्क म्हणजे आपल्या सांबरासारखं मोठं हरीण. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या आसपास भरतो, मादी सव्वादोनशेच्या. एवढं जनावर अर्धवट जखमी होऊन डोंगरात निघून गेलं, तर त्याचे हाल होतात आणि दोष आपला असतो.

नवे शिकारी पुन्हा पुन्हा एकच समजूत करून घेतात: नेम चुकला म्हणजे रायफल स्वस्त होती. बहुतेक वेळा तसं नसतं. आज ४०० ते ६५० डॉलरमध्ये मिळणारी बोल्ट-अॅक्शन रायफल (प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने ओढून पुढची भरायची) २०० यार्डांवरच्या एल्कसाठी पुरेशी अचूक असते. चुकतं ते कामाच्या क्रमात. स्क्रू न आवळता झिरो करतात (म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल असा स्कोप, रायफलीवरची दुर्बीण, जुळवतात), गोळी न ठरवता स्कोपचे क्लिक (नेम सरकवणाऱ्या चकतीचे टप्पे) फिरवतात, टेबलावरून सराव करून थेट डोंगर चढतात. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. एखादा वगळलात तर पुढचे सगळे कच्चे राहतात.

## टप्पा १: कागदपत्रं, रायफल हातात घेण्याआधी

एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांनी हे नीट वाचावं. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार अशा व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. यात एक महत्त्वाचा अपवाद आहे: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. मित्राची रायफल रेंजवर घटकाभर चालवून पाहणं हेही 'बाळगणं' ठरू शकतं, म्हणून आधी परवाना, मग रेंज. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही. राज्याराज्याचे नियम त्याहून वेगळे असतात. व्हिसाचा प्रश्न असेल तर वकिलाला विचारण्यात कंजूषी करू नका.

कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारी-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. टॅगच्या (ठरावीक जनावर मारण्याच्या परवान्याच्या) सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच बंद होतात आणि रायफलचे हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतात. म्हणजे तयारीला पूर्ण उन्हाळा हाताशी असतो. तरीही लोक सप्टेंबरअखेरीस रायफल विकत घेतात आणि मग सगळंच घाईत उरकतात.

तपासा: एल्कसाठी कोलोरॅडोत किमान .२४ कॅलिबर (नळीचा व्यास, इंचात), किमान ८५ ग्रेन (सुमारे साडेपाच ग्रॅम) वजनाची आणि आत शिरल्यावर फुलणारी गोळी बंधनकारक आहे. पूर्ण धातूच्या आवरणाची, न फुलणारी सरावाची गोळी शिकारीला चालत नाही.

## टप्पा २: पैसे कशावर घालायचे

रूगर अमेरिकन, सॅव्हेज अॅक्सिस टू, मॉसबर्ग पेट्रियट यांपैकी कोणतीही घ्या, काम होतं. दुकानात पाहताना तीन गोष्टी बघा. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, दुकानदाराला विचारून ट्रिगर दाबून पाहा: तो खरखरत, ओढत न येता एका ठिकाणी स्वच्छ सुटला पाहिजे. मॅगझिन दहा वेळा काढून-घालून पाहा, कारण स्वस्त रायफलीत प्लॅस्टिकचं मॅगझिन हीच पहिली कुरकुर असते. रायफल खांद्याला लावल्यावर गाल स्टॉकवर (दस्त्यावर) आरामात टेकतो का, तेही पाहा.

कॅलिबरच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. पहिल्या रायफलसाठी .३०८ विंचेस्टर, ७एमएम-०८ किंवा ६.५ क्रीडमोर घ्या. 'एल्क मोठा, मग काडतूसही मोठं' म्हणून .३०० विंचेस्टर मॅग्नम घेणारे पुष्कळ आहेत. पण स्वस्त रायफली वजनाने हलक्या असतात आणि हलक्या रायफलीतून मॅग्नमचा धक्का जबर बसतो. दोन-चार गोळ्यांतच मन धक्क्याला घाबरतं, ट्रिगर दाबण्याआधी डोळे मिटू लागतात, आणि ती सवय सुटता सुटत नाही. फुफ्फुसांत बसलेली .३०८ पोटात बसलेल्या मॅग्नमपेक्षा केव्हाही बरी.

स्कोपसाठी ३-९x४० (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिमीची) हा जुना साधा प्रकार पुरतो. व्हॉर्टेक्स क्रॉसफायर टू किंवा ल्यूपोल्ड व्हीएक्स-फ्रीडम या रांगेतला स्कोप १५० ते ३०० डॉलरच्या आसपास मिळतो. त्याच पैशांत ६-२४ पट मोठं दाखवणारा स्कोप मिळाला तरी घेऊ नका. कमी किमतीत एवढी ताकद आली की काचेचा दर्जा घसरलेला असतो, आणि पहाटेच्या अंधुक उजेडात गरज काचेची असते. स्कोपवर वाचवलेले पैसे चांगल्या बेस-रिंगांवर (स्कोप रायफलीवर धरून ठेवणारी पट्टी आणि कड्या) आणि एका टॉर्क ड्रायव्हरवर खर्च करा. स्क्रू आवळण्याचा जोर इंच-पाउंडात मोजणारा हा ड्रायव्हर या सगळ्या यादीतली सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे.

सावधान: बरेच जण स्कोप बसवूनच आलेला 'कॉम्बो' घेतात. त्यावर कारखान्यातच बोअर-साइट केल्याचं लिहिलेलं असतं, आणि लोक त्याचा अर्थ 'झिरो झालेला' असा घेतात. तसं नाही. त्याचा अर्थ एवढाच की नळी आणि स्कोप अंदाजे एका दिशेला आहेत. अशा कॉम्बोचे स्क्रू अनेकदा ढिले असतात. स्कोप पूर्ण उतरवून टप्पा ४ पासून नव्याने बसवा.

## टप्पा ३: रायफलीची तपासणी

बोल्ट काढा, मॅगझिन काढा, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) डोळ्याने पाहा आणि बोटाने चाचपा. घरातल्या प्रत्येक कामाची सुरुवात इथूनच. काडतुसं त्या खोलीत नकोत.

नळीत कारखान्याचं गंजरोधक तेल असतं. ब्रशने आणि कापडाच्या तुकड्यांनी ते काढा, कोरडा तुकडा स्वच्छ येईपर्यंत.

आता स्वस्त रायफलीची खरी नस: स्टॉक. प्लॅस्टिकच्या स्टॉकचा पुढचा भाग लवचीक असतो. हाताने दाबला किंवा बायपॉड (दोन पायांचा टेकू) लावला की तो नळीला टेकतो आणि गोळ्या भलतीकडे जातात. एक डॉलरची नोट नळी आणि स्टॉकच्या मधून सरकवा. ती चेंबरच्या जवळपर्यंत न अडकता गेली पाहिजे. मग पुढचा भाग टेकवून थोडा भार द्या आणि पुन्हा सरकवून पाहा. अडकत असेल तर आतून सँडपेपरने घासून जागा करा. ते जमत नसेल तर निदान सवय बदला: रायफल टेकवताना टोकाला टेकवू नका, मॅगझिनच्या लगेच पुढे टेकवा. तिथे स्टॉक कडक असतो.

स्टॉक आणि रायफल जोडणारे स्क्रू किती आवळायचे ते त्या रायफलीच्या पुस्तिकेत असतं. आकडा मॉडेलनुसार बराच बदलतो, तेव्हा मित्राच्या रायफलीचा आकडा वापरू नका.

तपासा: बोल्ट पुन्हा बसवा, मॅगझिनमध्ये डमी (न उडणारी) काडतुसं भरा आणि सगळी एकामागून एक चेंबरमध्ये जाऊन बाहेर पडतात का ते पाहा. हळू हाताने आणि झटक्याने, दोन्ही प्रकारे.

## टप्पा ४: स्कोप बसवणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ काढा. एक संध्याकाळ मोकळी ठेवा.

१. बेस. रायफलीवर बेस आधीच लावलेला असला तरी काढा. स्क्रू आणि भोकं अल्कोहोलने पुसून तेलविरहित करा. तेलकट स्क्रू कितीही आवळला तरी धक्क्याने सुटतो. निळ्या रंगाच्या थ्रेड-लॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) छोटा थेंब लावा आणि बेसच्या कंपनीने दिलेल्या टॉर्कवर आवळा. लाल थ्रेड-लॉकर नको; तो तापवल्याशिवाय सुटत नाही.

बेस लावून झाला की बोल्ट घालून पुढे-मागे करा. बोल्ट जड चालत असेल किंवा अडत असेल, तर पुढचा स्क्रू लांब पडून आत टेकतो आहे. स्क्रूंची अदलाबदल झाली की हे हमखास होतं. जोर लावू नका, योग्य लांबीचा स्क्रू शोधा.

२. रिंगांचा खालचा भाग. रिंग बेसच्या खाचेत ठेवा, नळीच्या तोंडाकडे दाबून धरा आणि तशी धरूनच आवळा. गोळी सुटते तेव्हा रायफल मागे येते आणि स्कोप जागच्या जागी राहू पाहतो, म्हणजे रायफलीच्या मानाने पुढे सरकतो. रिंग आधीच पुढच्या भिंतीला टेकलेली असेल तर सरकायला जागाच उरत नाही. हे न केल्यामुळे 'झिरो टिकत नाही' अशी तक्रार घेऊन लोक स्कोप परत करतात.

३. डोळ्याचं अंतर. रिंगांचा वरचा भाग सैल ठेवा. स्कोप सर्वांत जास्त ताकदीवर, म्हणजे ९ वर ठेवा. शिकारीला घालणार तेच जाड जाकीट घाला. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. चित्र पूर्ण, कडेला काळी सावली नसलेलं दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे करा. डोळ्यापासून स्कोप साधारण साडेतीन-चार इंचांवर येतो. बसून आणि झोपूनही पाहा, कारण झोपल्यावर डोळा पुढे सरकतो. टी-शर्टवर हे काम केलं तर डोंगरात जाकिटामुळे अंतर बिघडतं; उलट अंतर कमी पडलं तर स्कोपची कड भुवईवर आदळते आणि टाके पडतात.

४. सरळ रेषा. रायफल स्टँडमध्ये घट्ट धरून लेव्हलने आडवी सपाट करा. काही अंतरावर दोरीला वजन बांधून ओळंबा लटकवा. रेटिकलची (स्कोपमधल्या नेमाच्या रेघांची) उभी रेघ त्या दोरीशी जुळवा. रेघ तिरकी राहिली तर जवळ कळत नाही. २५० यार्डांवर गोळी बाजूला जाते.

५. वरचा भाग. चारही स्क्रू थोडे-थोडे, गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहिल्या पाहिजेत. स्कोप कंपन्या बहुधा १५ ते १८ इंच-पाउंड सांगतात. तुमच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम. अंदाजाने 'अजून थोडं' आवळलं की नळकांडं दबतं, आतली यंत्रणा अडते. रिंगांच्या या स्क्रूंना थ्रेड-लॉकर लावू नका.

६. रेटिकलचा फोकस. कोऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आकाशाकडे रोखून (सूर्याच्या दिशेला कधीच नाही) एक-दोन सेकंदच स्कोपमधून पाहा आणि डोळ्याजवळची चकती फिरवून रेघा ठळक करा. जास्त वेळ टक लावलं की डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि चुकीचा फोकस बरोबर वाटतो.

तपासा: प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला. दहा सेकंदांची ही तपासणी पुढे डोंगरात दररोज करायची आहे.

## टप्पा ५: गोळी ठरवा, मग झिरो करा

एकाच रायफलीतून दोन वेगळ्या कंपन्यांची, अगदी एकाच वजनाची काडतुसंही वेगवेगळ्या जागी लागतात. तरी लोक स्वस्त सरावाच्या काडतुसांवर झिरो करतात आणि शिकारीला महागडी भरून नेतात. ही चूक इतकी सर्रास दिसते की तिच्यासाठी वेगळा टप्पा केला आहे.

दोन-तीन प्रकारची शिकारी काडतुसं प्रत्येकी एक बॉक्स घ्या. गोळी कागदावर यावी म्हणून आधी टप्पा ६ मधल्या पहिल्या दोन पायऱ्या करा, मग १०० यार्डांवर प्रत्येकाचे तीन-तीन गोळ्यांचे गट पाडा. दीड इंचात बसणारा गट उत्तम. दोन इंचांचाही २०० यार्डांपर्यंतच्या एल्कला चालतो. आंतरजालावर दिसणाऱ्या एकाच भोकातल्या गटांच्या मागे लागून पैसे जाळू नका. ज्या काडतुसाचे गट सातत्याने बरे, ते ठरवा आणि त्याच लॉट नंबरचे चार-पाच बॉक्स एकदम घ्या.

शिसेविरहित तांब्याच्या गोळ्या घेणार असाल, तर सुरुवातीपासून त्याच चाचणीत घ्या. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला त्या सक्तीच्याच आहेत.

## टप्पा ६: झिरो करणं

कान आणि डोळे झाका. आवाज सहन होतो म्हणून कानात काही न घालणारा माणूस धक्क्याला लवकर घाबरतो, कारण मन आवाज आणि धक्का वेगळे करत नाही.

१. नळीतून पाहणं. २५ यार्डांवर लक्ष्य लावा. बोल्ट काढा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवा, मागून नळीतून पाहत लक्ष्य मध्यभागी आणा. रायफल न हलवता स्कोपच्या रेघा त्याच बिंदूवर आणा.

२. २५ यार्ड. एक गोळी झाडा. स्कोपवरचा बाण गोळी ज्या दिशेला न्यायची ती दिशा दाखवतो. पाव एमओएच्या (एमओए आणि मिल ही कोन मोजण्याची एककं) स्कोपमध्ये एक क्लिक १०० यार्डांवर जवळपास पाव इंच सरकवतो, तर २५ यार्डांवर त्याचा चौथा भाग. म्हणजे २५ यार्डांवर एक इंचाला १६ क्लिक. गोळी दोन इंच खाली आणि एक इंच उजवीकडे लागली, तर ३२ क्लिक वर, १६ क्लिक डावीकडे. इथे चार-चार क्लिक फिरवून 'स्कोप हलतच नाही' म्हणणारे प्रत्येक रेंजवर भेटतात. तुमचा स्कोप मिलमध्ये असेल तर ०.१ मिलचा एक क्लिक १०० यार्डांवर ०.३६ इंच भरतो. हिशेब त्याने करा.

३. १०० यार्ड. २५ वर बरोबर मध्यभागी लागणारी रायफल १०० वर बहुधा दोन-चार इंच वर लागते. निदान कागदावर लागते, आणि तेवढंच हवं होतं. आता तीन गोळ्यांचा गट पाडा. एका गोळीवरून क्लिक फिरवू नका. गटाचा मध्य शोधा आणि त्यावरून हिशेब करा. स्वस्त रायफलीची नळी पातळ असते, लवकर तापते आणि तापली की गोळ्या भरकटतात. प्रत्येक गटानंतर बोल्ट उघडा ठेवून नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबा. रेंजवर दोन तास जाणार हे गृहीत धरूनच जा.

४. चौकोनाची परीक्षा. अंतिम झिरोआधी स्कोप प्रामाणिक आहे का ते बघा. एक गोळी झाडा. मग नेम त्याच बिंदूवर ठेवून २० क्लिक वर, एक गोळी. २० उजवीकडे, एक गोळी. २० खाली, एक गोळी. २० डावीकडे, एक गोळी. शेवटची गोळी पहिलीच्या शेजारी परत आली पाहिजे. आली नाही तर आधी स्क्रूंच्या रेघा तपासा. रेघा जुळत असतील तर स्कोप बदला. स्वस्त स्कोपमध्ये वाईट नमुना निघू शकतो, आणि तो जूनमध्ये कळलेला बरा.

५. अंतिम जागा. एल्कसाठी २०० यार्डांचा झिरो सोयीचा. त्यासाठी १०० यार्डांवर गट मध्यापासून साधारण दोन इंच वर ठेवा आणि मग २०० यार्डांवर प्रत्यक्ष झाडून खात्री करा. .३०८ किंवा ६.५ क्रीडमोरच्या नेहमीच्या शिकारी काडतुसाने ३०० यार्डांवर गोळी आठ-नऊ इंच खाली येते. तुमच्या काडतुसाचे आकडे बॉक्सवरून घ्या, कागदाच्या पट्टीवर लिहा आणि स्टॉकवर चिकटवा.

तपासा, आणि हे टाळू नका: दुसऱ्या दिवशी थंड नळीने फक्त एक गोळी झाडा आणि कुठे लागते ते तारखेसह टिपा. असं तीन-चार वेगवेगळ्या दिवशी करा. एल्कसमोर तुम्हाला तापलेल्या नळीची तिसरी गोळी मिळणार नाही, मिळेल ती थंड नळीची पहिलीच.

## टप्पा ७: टेबल सोडा

झिरो झाला की टेबल आणि वाळूच्या पिशव्यांचा संबंध संपला. डोंगरात टेबल नसतं.

आठ इंचांची कागदी ताटली लावा. एल्कचं हृदय-फुफ्फुसांचं क्षेत्र याहून मोठं असतं, तरी ताटली आठ इंचांचीच ठेवा, कारण दहा हजार फुटांवर धाप लागलेली असताना हात रेंजसारखा स्थिर राहत नाही. पाठपिशवीवर टेकून, बसून दोन काठ्यांच्या आधाराने, गुडघ्यावर अशा स्थितींतून १००, १५० आणि २०० यार्डांवर झाडा. थोडं पळून येऊन, श्वास चढलेला असतानाही झाडा. ज्या अंतरावर त्या स्थितीतून सगळ्या गोळ्या ताटलीत जातात, तीच तुमची मर्यादा. ती १५० यार्ड निघाली तर १५०. रायफल किती लांब मारू शकते याचा इथे काही संबंध नाही.

मित्राला मॅगझिनमध्ये तुमच्या नकळत एखादं डमी काडतूस मिसळायला सांगा. डमीवर ट्रिगर दाबताना नळी खाली झुकली, तर तुम्ही धक्क्याला घाबरता आहात. उपाय म्हणजे घरी रिकाम्या रायफलीने रोज थोडा सराव: काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, चेंबर दोनदा तपासलेलं, आणि ट्रिगर सुटतानाही रेघ हलता कामा नये.

## टप्पा ८: प्रवास आणि तळ

विमानाने जाणार असाल तर रायफल रिकामी, कडक कवचाच्या कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानातच जाते आणि काउंटरवर तसं सांगावं लागतं. काडतुसं मूळ किंवा तशाच पॅकिंगमध्ये. एअरलाइनची वजनमर्यादा आधी वाचा.

पोहोचल्यावर, हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत, जवळच्या रेंजवर १०० यार्डांवर दोन गोळ्या झाडून झिरो तपासा. पेटी एकदा जोरात आपटली की उन्हाळाभराचं काम हललेलं असू शकतं. थंडीत बोल्टवरचं घट्ट ग्रीस गोठतं, त्यामुळे बोल्ट पुसून जवळपास कोरडा ठेवा. रात्री रायफल तापवलेल्या तंबूत आणू नका. थंड काचेवर आतल्या गरम हवेची वाफ धरते आणि सकाळी बाहेर नेल्यावर ती गोठते. रिकामी करून, कुलूप लावून थंड जागीच ठेवा.

तपासा: कंबरेच्या वर निदान ५०० चौरस इंच चमकदार केशरी किंवा गुलाबी कपडे, टोपीही त्याच रंगाची. कोलोरॅडोत रायफल-शिकाऱ्याला हे बंधनकारक आहे. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास हीच शिकारीची वेळ. दोन्ही वेळा त्या तारखेसाठी कागदावर लिहून खिशात ठेवा.

## टप्पा ९: गोळी झाडण्याआधी आणि नंतर

चालताना स्कोप ३ वर ठेवा. जनावर अचानक जवळ निघालं आणि स्कोप ९ वर असला, तर काचेत नुसती केसाळ भिंत दिसते आणि तोवर जनावर निघून जातं. ओळख पटवायला दुर्बीण वापरा, रायफलीचा स्कोप नाही. स्कोपने पाहणं म्हणजे भरलेली रायफल कदाचित माणसावर रोखणं.

टॅग नराचा की मादीचा ते आठवा, जनावर त्यात बसतं का ते पाहा, मागे काय आहे ते पाहा. कड्याच्या माथ्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या जनावरावर गोळी झाडायची नाही, ती पलीकडे कुठे जाईल सांगता येत नाही. कळपात एकामागे एक उभी असतील तर थांबा.

बाजू पूर्ण दिसत असेल तेव्हा पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर या आणि छातीच्या तळापासून एक तृतीयांश उंचीवर नेम धरा. जनावर तुमच्यापासून तिरकं दूर वळलेलं असेल तर पलीकडचा पुढचा पाय कुठे आहे ते मनात ठरवा आणि गोळी तिथे निघेल असा नेम घ्या. डोकं, मान, पळतं जनावर, समोरून दिसणारी छाती: नव्या शिकाऱ्याने ही चारही सोडावीत.

गोळी सुटताच बोल्ट ओढून दुसरं काडतूस भरा, नजर जनावरावरच ठेवा. एल्क अनेकदा काहीच झालं नाही असा उभा राहतो. उभा असेल आणि नेम सुरक्षित असेल तर लगेच दुसरी गोळी झाडा. काडतूस वाचवू नका. नजरेआड गेला तर जागचे हलू नका. तो शेवटचा कुठे दिसला ते खुणेच्या झाडासह लक्षात ठेवा, निदान अर्धा तास थांबा, मग गोळी लागली त्या जागेवर केशरी फीत बांधून रक्ताचा माग काढा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुफ्फुस. हिरवट घाण दिसली तर पोटाला लागली आहे. अशा वेळी कित्येक तास थांबावं लागतं, नाहीतर जखमी जनावर उठून मैलभर जातं. रक्त दिसलं नाही म्हणून चुकली असं ठरवून परत फिरू नका. जाड कातडी आणि केस सुरुवातीचं रक्त आत धरून ठेवतात.

## टप्पा १०: मांस

हा विचार गोळी झाडण्याआधी करायचा असतो. मोठ्या नराची एक मागची तंगडी हाडासकट ५० पाउंडांहून जड असते, अशा दोन, पुढच्या दोन, आणि पाठीचं मांस वेगळं. गाडीपासून दोन-तीन मैल आत एकट्याने जनावर पाडलं तर फेऱ्या किती होतील ते मोजा. झेपणार नसेल तर तिथे गोळी झाडू नका.

जनावर मेल्याची खात्री झाली की रायफल रिकामी करा, टॅग लगेच भरा. चारही तंगड्या, पाठीच्या दोन्ही पट्ट्या आणि आतले दोन मऊ तुकडे एवढं तरी मांस कोलोरॅडोत वाया घालवता येत नाही, आणि लिंग ओळखण्याचा अवयव मांसाला नैसर्गिकपणे जोडलेला ठेवावा लागतो. कातडी लवकर काढा: मांस बिघडतं ते आत कोंडलेल्या उष्णतेने, बाहेर बर्फ असला तरी. तंगड्या जाळीदार कापडी पिशव्यांत घालून सावलीत, वारा लागेल अशा टांगा.

डोकं तपासणीला द्या. हरणवर्गातला क्रॉनिक वेस्टिंग हा मेंदूचा रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्याच फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात प्रथम नजरेला आला, आणि तो आजही तिथल्या कळपांत आहे. बाधित निघालेल्या जनावराचं मांस खाऊ नये असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. अहवाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये वेगळं, नाव-तारीख घालून ठेवा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटू नका.

घरी आल्यावर नळी साफ करा, बोल्टला हलकं तेल लावा, नेलपॉलिशच्या रेघा पाहा आणि स्कोप तसाच राहू द्या. साफसफाईसाठी उतरवलात तर टप्पा ४ पासून पुन्हा सुरुवात. उरलेली काडतुसं लॉट नंबरसकट रायफलीपासून वेगळी कुलपात ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात पहिली गोळी झाडाल ती त्यांतलीच, थंड नळीने, १०० यार्डांवर.